जुने रोइंग मशीन घेताना : वापर किती, झीज किती?

गेल्या हिवाळ्यात आपाचा फोन आला. दुल्हाभाईंची शुगर वाढली होती, गुडघेही कुरकुर करत होते. डॉक्टरांनी रोज व्यायाम करायला सांगितले होते. चालायला गेले की गुडघा दुखतो आणि जिमला जायला लाज वाटते, अशी त्यांची अडचण. डॉक्टरांनीच सुचवले की बसून करायचा एखादा व्यायाम पाहा, रोइंग मशीनही चालेल. नागपुरात बसून वल्हे मारायचे, या कल्पनेवर घरात दोन दिवस हसणे चालले. तिसऱ्या दिवशी भाच्याने मोबाइलवर किंमत पाहिली आणि हसणे थांबले. चांगल्या कंपनीचे नवे यंत्र लाखाच्या पुढे. दुकानदार म्हणाला, हप्ते करून देतो. पण हप्ते म्हटले की व्याज आले आणि व्याजाचा पैसा आपाच्या घरात आजवर शिरलेला नाही. राहिला एकच रस्ता, जुने घेण्याचा.

जुने यंत्र शोधायला फार वेळ लागत नाही. २०२० साली टाळेबंदीत जिमला कुलपे लागली, तेव्हा अनेकांनी घरी यंत्रे आणली. काही जिम बंद पडल्या आणि त्यांचे सामान विक्रीला निघाले. ती यंत्रे अजून हातोहात फिरत आहेत. प्रत्येक विकणारा एकच वाक्य बोलतो : "वापरलेच नाही हो, नुसते पडून आहे." हे वाक्य खरे की खोटे, आणि खरे असले तरी त्याला महत्त्व किती, हे कसे ओळखायचे ते या लेखात पाहू.

सायकल मिस्त्री सोबत न्या

यंत्र पाहायला जाताना आम्ही मोमिनपुऱ्यातल्या एका सायकल मिस्त्री चाचांना सोबत घेतले. रोइंग काय असते हे त्यांना माहीत नव्हते. पण वाटेत भाच्याने फोटो दाखवला तेव्हा ते म्हणाले, "यात आहे काय? साखळी, दातेरी चकती, बेअरिंग आणि पंखा. चला."

चाचांचे म्हणणे अगदी बरोबर होते. हवेवर चालणाऱ्या रोइंग मशीनमध्ये समोर जाळीच्या गोल डब्यात पंख्यासारखे एक जड चाक असते. हँडल ओढले की साखळी ते चाक फिरवते आणि चाकाची पाती हवा कापतात. तुम्ही जितक्या जोराने ओढाल तितकी हवा अडवते. ओढलेली साखळी परत आत नेण्याचे काम एक रबरी दोरी करते. खाली लांब दांडी आणि तिच्यावर चाकांवर सरकणारी सीट. पुढे पाय बांधायचे पट्टे आणि डोळ्यांसमोर मॉनिटर. बस, एवढेच.

या प्रकारातले सर्वांत जास्त दिसणारे यंत्र कन्सेप्ट टू कंपनीचे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ड्रायसिगॅकर नावाच्या दोन भावांनी ही कंपनी काढली. दोघेही वल्हे मारणारे खेळाडू. त्यांचे पहिले यंत्र १९८१ सालचे. 'मॉडेल सी' १९९३ चे, 'मॉडेल डी' २००३ चे. ही जुनी मॉडेल्स अजून चालतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात, म्हणून जुन्या बाजारात त्यांना मान आहे. बोटींच्या खेळाडूंची तयारीही अशाच यंत्रांवर २,००० मीटरच्या वेळेने मोजली जाते. आपल्या महाराष्ट्राचा दत्तू भोकनळ आठवा. चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्याचे गाव दुष्काळी आणि वडील विहिरी खोदणारे. सैन्यात भरती झाल्यावर पुण्यात त्याने वल्हे हाती घेतले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत त्याने सुवर्णपदक मिळवले. गावात तलाव नसला म्हणून कोणी वल्हे मारायचे थांबत नाही. आपल्याकडे तर अंबाझरी आणि फुटाळा दोन्ही आहेत!

मॉनिटरमधला आकडा

विकणारा तरुण सदरमधल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. पोरगा सज्जन दिसला. चहा आला, पाणी आले. "फार वापरलेले नाही," तो म्हणाला, "मी आठवड्यातून दोनदा करायचो." भाच्याने मॉनिटर चालू केला आणि आतल्या यादीत जाऊन एकूण मीटरचा आकडा काढला. एकसष्ट लाख मीटर निघाले.

सगळे गप्प झाले. एकसष्ट लाख मीटर म्हणजे ६,१०० किलोमीटर. नागपूर ते मुंबई सात वेळा जाऊन पुन्हा निघाल्यासारखे.

हा आकडा वाचायचा कसा, ते समजून घ्या. घरातला एक माणूस रोज ५ किलोमीटर वल्हवतो आणि आठवड्यातून पाच दिवस करतो असे धरा. सावकाश केले तर एका वेळेला साधारण २५ मिनिटे. वर्षाला झाले १२ ते १३ लाख मीटर आणि सुमारे शंभर तास. आता जिमचे पाहा. दिवसाला आठ जण प्रत्येकी २ किलोमीटर करतात, वर्षाचे तीनशे दिवस. झाले ४८ लाख मीटर आणि चारशे तास. म्हणजे आठवड्यातून दोनदा करणाऱ्या एका माणसाचे एकसष्ट लाख व्हायला बारा-तेरा वर्षे लागतील. त्या तरुणाकडे यंत्र होते तीन वर्षे.

दुल्हाभाई उठायलाच निघाले होते. चाचांनी त्यांना बसवले आणि पोराला शांतपणे विचारले, "बेटा, तू कुठून घेतलेस?" तो म्हणाला, "एका जिमवाल्याकडून. तो म्हणाला होता, फार चाललेले नाही. मी कधी आत पाहिले नाही." त्याचा चेहरा पडला होता. त्याने खोटे सांगितले नव्हते. त्याला सांगितले गेलेले खोटे त्याच्या तोंडून पुढे आले होते, एवढेच.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो आकडा मॉनिटरचा असतो, यंत्राचा नसतो. मॉनिटर बदलला की मोजणी शून्यापासून सुरू होते. आकडा मोठा दिसला तर यंत्राने किमान तेवढे अंतर नक्की कापले आहे, असे बहुधा धरता येते. आकडा लहान दिसला तर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. दांडी, सीटची चाके आणि हँडलची मूठ हीच खरी साक्षीदार. आकडा दोन लाखांचा आणि मूठ गुळगुळीत झिजलेली असेल तर मॉनिटर बदलला आहे का, ते विचारा. यंत्राचा सिरियल नंबर लिहून घ्या. तो कंपनीकडे कळवला की यंत्र कोणत्या काळातले आहे ते समजते.

वापर वेगळा, झीज वेगळी

मग चाचा कामाला लागले. त्यांनी अर्ध्या तासात जे पाहिले ते क्रमाने सांगतो.

साखळी : हँडल हळू ओढून साखळी पूर्ण बाहेर काढली आणि एकेक कडी बोटांनी वाकवून पाहिली. कडी वाकली आणि वाकलेलीच राहिली तर ती आखडली आहे. काळसर, तेलकट चमक असेल तर ठीक. तांबूस भुकटी बोटाला लागली तर तो गंज. कंपनी सांगते की दर ५० तासांच्या वापरानंतर साखळीला तेल द्यावे. म्हणजे घरी वर्षातून दोनदा आणि जिममध्ये दर दीड महिन्याला. विकणाऱ्याला सहज विचारा, "तेल कोणते घालता?" ज्याने घातले आहे तो लगेच सांगेल. ज्याने घातले नाही तो विचार करत बसेल.

रबरी दोरी : हँडल हातात धरूनच हळूहळू पुढे नेले. ते थेट जाळीपर्यंत आत ओढले गेले पाहिजे. मध्येच लोंबकळले तर दोरी सैल पडली आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात गॅलरीत ठेवलेल्या यंत्राचे रबर लवकर मरते. पण दोरी ताणता येते, बदलताही येते, आणि ती फार महाग नाही.

चाक : दोन-तीन वेळा जोराने ओढून सोडून दिले आणि कान लावला. हवेचा आवाज एकसारखा कमी होत गेला पाहिजे. घरघर किंवा खडखड ऐकू आली तर बेअरिंग गेले.

दांडी आणि सीट : दांडीवर काळे पट्टे दिसले म्हणून घाबरू नका. तो मळ असतो, ओल्या फडक्याने निघतो. फडके फिरवल्यावर नखाने तपासा. नख अडकले तर तो खरा खड्डा. सीट एका बोटाने ढकलली तर अडखळू नये आणि आजूबाजूला डुलू नये. अडखळत असेल तर चाकांना चपटे डाग पडलेत. चाके बदलता येतात. दांडीला खोल खाच पडली असेल तर मात्र खर्च मोठा.

हँडल जिथे साखळीला जोडले आहे तो सांधा : लोक नेमका हाच पाहायचा विसरतात. ओढताना सगळा जोर इथेच येतो. तिथला लोखंडी आकडा घासून बारीक झाला असेल तर तो न बदलता कोणाला यंत्रावर बसवू नका. तो तुटला तर माणूस मागे पडतो.

मॉनिटर : सेलची खाच उघडून पाहा. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सेल आत गळले आहेत. मॉनिटर हा महागडा भाग आहे, म्हणून सगळी बटणे दाबून पाहा.

पुढे एक कसोटी आकड्याची आहे. यंत्राच्या बाजूला १ ते १० खुणांची एक पट्टी असते. ती १० वर ठेवायची, मॉनिटरवर 'ड्रॅग फॅक्टर' हा पर्याय काढायचा आणि अर्धा मिनिट वल्हवायचे. स्वच्छ यंत्रात आकडा दोनशेच्या आसपास किंवा वर येतो. मे महिन्यात हवा तापलेली आणि विरळ असते, तेव्हा थोडा कमी येईल. पण दीडशेच्या आसपास अडकला तर जाळीत धूळ आणि रुई भरली आहे. गाद्या-रजयांची रुई उडणाऱ्या आपल्या घरांत हे सहज घडते. हा बिघाड नव्हे, जाळी उघडून साफ केली की आकडा चढतो. पण यंत्राची निगा कशी राखली गेली, ते यातून कळते.

त्या एकसष्ट लाखांच्या यंत्राचा आकडा आला २०५. साखळी काळी, तेलकट, एकही कडी आखडलेली नाही. चाकाचा आवाज स्वच्छ. दोरी सैल आणि सीटचे एक चाक चपटे, एवढेच काय ते दोष. त्याआधी आठवडाभर पूर्वी आम्ही दुसऱ्या एका वस्तीत एक यंत्र पाहिले होते. मॉनिटरवर फक्त ९० हजार मीटर. पण तीन पावसाळे पत्र्याच्या शेडखाली उभे. साखळीचा गंज हाताला लागत होता आणि रबराला भेगा पडल्या होत्या. चाचा म्हणाले, "जे चालते ते जिवंत राहते. जे पडून राहते ते सडते." सायकलीचेही तसेच असते. कमी वापर म्हणजे कमी झीज, हा हिशेब नेहमी जुळत नाही.

पुराचे पाणी पाहिलेले यंत्र

नागपूरकरांनी एक जास्तीची तपासणी करावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये तळमजले पाण्याखाली गेले. घरातली फर्निचरे, गाड्या, दुकानांतला माल भिजला. अशा पाण्यात बुडालेली वस्तू धुऊन-पुसून विकायला ठेवली तर वरून काही कळत नाही.

आतून कळते. पायांच्या पोकळ नळ्यांची टोपणे काढून टॉर्च मारा, वाळलेला गाळ दिसतो का पाहा. स्क्रूच्या खाचांतला गंज पाहा. जाळीच्या आत पात्यांवर एका उंचीवर मातीची रेघ आहे का पाहा. फोमच्या पॅडला नाक लावा. बेअरिंगमध्ये गढूळ पाणी गेले असेल तर आज गोड वाटणारे चाक सहा महिन्यांनी बोलू लागते. विकणाऱ्याला सरळ विचारा, "हे यंत्र त्या रात्री कुठे होते?" तिसऱ्या मजल्यावर होते म्हणाला तर चिंता मिटली.

इतर प्रकारची यंत्रे

स्वस्त यंत्रांत दोन तेलभरल्या नळ्यांची एक जात असते. नळीवर किंवा खाली तेल झिरपलेले दिसले तर ते यंत्र घेऊ नका. चुंबकावर चालणाऱ्यांत साखळीऐवजी पट्टा असतो. त्याच्या कडा उसवल्या आहेत का पाहा. पाण्याच्या टाकीची लाकडी यंत्रे दिसायला देखणी आणि आवाजाला मऊ. त्यांच्या टाकीत शेवाळ आणि जोडावर पाझर पाहावा. कोणताही प्रकार असो, सुटे भाग भारतात मिळतात का, ते घेण्याआधी विचारून घ्या. भाग मिळत नसेल तर पहिल्या बिघाडाला यंत्र भंगारात जाते.

हवेच्या यंत्राचा आवाज मोठा असतो, हेही विसरू नका. फज्रनंतर लगेच सुरू केले तर खालच्या मजल्यावर झोपलेल्याची झोप जाईल. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने किती मोठा मानला आहे, ते वेगळे सांगायला नको. खाली जाड रबरी चटई घाला आणि वेळ ठरवताना शेजाऱ्यांना विचारा.

ऐब दाखवून विकणे

सहीह मुस्लिममधली घटना बहुतेकांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात होते. धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले.

चाचांनी साखळीवर फिरवलेला हात आणि राशीत घातलेला तो हात, दोन्हींमागचा विचार एकच. वरून दिसते त्यावर सौदा होऊ नये. इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एका सदोष कापडाचा ऐब न सांगता ते विकले आणि गिऱ्हाईक कोण होते ते सापडेना, तेव्हा इमामांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका करून टाकली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. फिकहमध्ये 'खियारे ऐब' हा स्वतंत्र विषय आहे. सौद्याआधीचा लपलेला दोष नंतर उघड झाला तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा अधिकार असतो. "जसे आहे तसे देतो" म्हणणे वेगळे आणि माहीत असलेला दोष झाकणे वेगळे. तपशील आपल्या आलिमांना विचारावा.

घेणाऱ्यावरही बंधन आहे. भाव पाडण्यासाठी चांगल्या वस्तूला नावे ठेवणे, एकाचा सौदा चालू असताना मध्ये शिरणे, हेही आपल्याला शोभत नाही. चाचांनी दोन दोष सांगितले तसेच तोंडभर हेही सांगितले की साखळी आणि चाक उत्तम आहे. विकणारा पोरगा चकित झाला. गिऱ्हाइकाकडून मालाची स्तुती त्याने बहुधा पहिल्यांदाच ऐकली असावी.

सौदा

त्याने ६५ हजार सांगितले होते. दोरी, सीटचे चाक आणि एकसष्ट लाखांचा आकडा धरून ५४ हजारांवर त्यानेच आणले. कागदावर लिहिले : मॉडेल, सिरियल नंबर, मॉनिटरवरचे मीटर, माहीत असलेले दोन दोष, तारीख, दोघांच्या सह्या. आठ दिवसांत काही लपलेला बिघाड निघाला तर कळवायचे, हेही लिहिले. यंत्र दोन तुकड्यांत सुटते, साधारण २६ किलोचे, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरून दोघांनी उतरवले.

दोरी आणि चाक भाच्याने बसवले. दुल्हाभाईंनी डॉक्टरांना विचारून दहा मिनिटांपासून सुरुवात केली. या व्यायामात गुडघे बरेच वाकतात आणि कंबर चुकीची वाकली तर दुखते, म्हणून हृदयाचा, कंबरेचा किंवा गुडघ्याचा त्रास असणाऱ्याने आधी विचारणे बरे. पट्टी १० वर ठेवून मर्दुमकी दाखवायची गरज नाही, ३ ते ५ पुरे. आता असरनंतर दुल्हाभाई बसतात आणि मुले शाळेत गेली की आपा आणि तिची सून. आपाला आजवर व्यायामासाठी ना जागा मिळाली होती, ना पडद्याची सोय. ती म्हणते, यंत्र ह्यांच्या नावाने आले, पण वल्हे मीच जास्त मारते.

चाचांनी पैसे घेतले नाहीत. जाताना त्यांनी भाच्याला एक वही आणायला लावली आणि पहिल्या पानावर लिहायला सांगितले : आजचे मीटर, तेल घातल्याची तारीख, बदललेले भाग. वही यंत्राच्या पायालाच बांधून ठेवली आहे. उद्या हे यंत्र विकायची वेळ आली तर घेणाऱ्याच्या हातात आधी ती वही द्यायची, मग चहा.